तिसरी घंटा

नाटक सुरू होण्यापूर्वी तीन घंटा होतात. पहिली घंटा झाली की प्रेक्षक आपापल्या जागा शोधू लागतात, दुसरीला कुजबूज कमी होते आणि तिसरी झाली की पडदा उघडतो. प्रेक्षागृहात बसलेल्यांना ही तिसरी घंटा मोठी आनंदाची वाटते. पडद्यामागे उभ्या असलेल्या माणसाला ती कशी वाटत असेल, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. त्यातून तो माणूस नुकताच नाट्यशाळेतून शिकून बाहेर पडलेला असेल, तर त्याच्या काळजाची धडधड त्याची त्यालाच ठाऊक!

नाटकाचीही शाळा असते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. आपल्याकडे पूर्वी नाटक मंडळीचे बिऱ्हाड हीच शाळा असे. लहान मुलगा मंडळीत राही, मोठ्या नटांची कामे विंगेतून पाही, तालीममास्तरांचा मार खाई आणि हळूहळू तयार होई. पुढे १९५९ साली दिल्ली येथे राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले आणि तेथून अनेक मराठी मुलेमुलीही रीतसर शिक्षण घेऊन रंगभूमीवर आली. रशियात अशा शाळा त्याच्याही पुष्कळ आधीपासून होत्या. मॉस्को शहरातील अशाच एका शाळेतून १८९८ साली बाहेर पडलेल्या काही तरुणांची हकीकत मोठी ऐकण्यासारखी आहे.

ही शाळा मॉस्कोच्या फिलहार्मोनिक संस्थेची होती. तेथे गायन-वादनाबरोबर अभिनयही शिकवीत. अभिनयाचे गुरुजी होते व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को. ते स्वतः नाटककार होते. चांगला विद्यार्थी तीन वर्षे खपून तयार करावा आणि शाळा सुटताच त्याने पोटासाठी कुठल्या तरी कंपनीत जाऊन चार तालमींत नाटक उभे करण्याची घाई शिकावी, हे त्यांना सलत असे. त्याच शहरात कॉन्स्तन्तीन स्तानिस्लाव्स्की नावाचे एक गृहस्थ होते. घरचा जरीचा कारखाना, अंगात नाटकाचे वेड. हौशी मंडळी जमवून ते उत्तम नाटके करीत. १८९७ सालच्या जून महिन्यात हे दोघे एका उपाहारगृहात दुपारी दोन वाजता भेटले आणि बोलत बोलत दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता उठले! अठरा तासांच्या त्या बैठकीत एका नव्या नाट्यसंस्थेचा आराखडा ठरला. एकाचे विद्यार्थी आणि दुसऱ्याचे हौशी सोबती मिळून नवी मंडळी व्हावयाची होती. आज ज्याने राजाची भूमिका केली त्याने उद्या मुकाट्याने नोकराची करावी, हा तिचा पहिला नियम.

शाळेत ही बातमी फुटल्यावाचून कशी राहील? तिसऱ्या वर्षाच्या वर्गात त्या हिवाळ्यात दुसरा विषयच नव्हता. कोणाकोणाला घेणार? या वर्गात ओल्गा क्निप्पर नावाची एक विद्यार्थिनी होती. वय तिशीला टेकलेले. तिचे वडील अभियंते होते. मुलीने नाटकात जावे हे त्यांना मुळीच पसंत नव्हते. ते एकाएकी वारले, घरावर कर्ज उरले आणि मुलीला संगीताच्या शिकवण्या धराव्या लागल्या. त्या हालअपेष्टांतूनच तिचा निश्चय पक्का झाला. एका मोठ्या नाट्यशाळेत तिला प्रवेश मिळाला होता; पण महिन्याभरातच तिला तेथून काढून टाकण्यात आले. ज्या शाळेत आई गाणे शिकवीत असे, त्या फिलहार्मोनिकमध्ये मग तिने नाव घातले. तिच्याच वर्गात मेयरहोल्ड नावाचा एक किडकिडीत, तल्लख तरुण होता. वकिलीचा अभ्यास अर्धा टाकून तो नाटकाकडे वळला होता. परीक्षेत दोघांनाही शाळेचे रौप्यपदक मिळाले आणि दोघांनाही नव्या मंडळीचे बोलावणे आले.

पदक मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे कोणाला वाटत असेल, तर पुढचा उन्हाळा त्याने पाहावयास हवा होता.

मॉस्कोपासून सुमारे तीस किलोमीटरवर पुश्किनो नावाचे गाव आहे. तेथे एका स्नेह्याच्या आवारात लाकडाची एक मोठी पडवी रंगमंचासारखी सजवून घेण्यात आली, आणि जून महिन्यात सगळी मंडळी तेथे गोळा झाली. नोकरचाकर ठेवण्याइतका पैसा नव्हता. म्हणून झाडलोट, पाणी, चहा यांच्या पाळ्या लावण्यात आल्या. पहिली पाळी खुद्द स्तानिस्लाव्स्कींची! समोवार म्हणजे रशियन घरांतील चहाचे पाणी तापविण्याचे भांडे. आपल्या बंबासारखेच ते असते. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. स्तानिस्लाव्स्कींनी निखारे मोठ्या उत्साहाने घातले. पाणी घालावयाचे तेवढे राहून गेले. समोवाराचे सांधे वितळून तो निकामी झाला आणि पहिल्याच दिवशी सगळ्या मंडळीला चहावाचून राहावे लागले. ही फजिती त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. कारखानदाराच्या घरात वाढलेल्या त्या उंचापुऱ्या गृहस्थाची ती मुद्रा पाहून नव्या नटांची निम्मी भीती तरी खासच पळाली असेल.

सकाळी अकरापासून पाचपर्यंत तालीम, मग नदीवर आंघोळ आणि जेवण, आणि पुन्हा आठापासून अकरापर्यंत तालीम, असा दिनक्रम होता. एकाच वेळी अनेक नाटके बसविली जात होती. त्यांपैकी ‘झार फ्योदोर’ हे नाटक सर्वांत आधी रंगभूमीवर यावयाचे होते. त्याचा कर्ता अलेक्सेय तोलस्तोय. प्रसिद्ध कादंबरीकार तोलस्तोय तो हा नव्हे. सरकारी बंदीमुळे हे नाटक सुमारे तीस वर्षे पडून राहिले होते. त्यातील भाबड्या, दुबळ्या राजाची भूमिका कोणाला मिळणार याकडे सगळ्यांचे डोळे लागले. मेयरहोल्डने तिच्यावर मन लावले होते. इतरही काही जणांची चाचणी झाली. अखेर ती भूमिका मॉस्क्विन या नटाला मिळाली. हाही त्याच शाळेचा विद्यार्थी. पण दोन वर्षे आधी बाहेर पडून परगावच्या कंपनीत कामे केलेला. नेमिरोविच-दान्चेन्कोंनी त्याच्याकडून ती भूमिका वेगळी बसून घटवून घेतली. मॉस्क्विनने ती करून दाखविली तेव्हा पाहणाऱ्यांचे डोळे ओले झाले.

रौप्यपदक मिळविलेल्या मेयरहोल्डच्या वाट्याला एका कपटी सरदाराची भूमिका आली. त्याला वाईट वाटले नसेल असे कोण म्हणेल? पण त्याने ती भूमिका घेतली, आपली नक्कल पाठ केली आणि तालमीला वेळेवर येत राहिला. पुढे हाच मेयरहोल्ड जगातील थोर दिग्दर्शकांत गणला गेला. त्याचा अंत मात्र फार दुःखद झाला. १९४० साली खोट्या आरोपांवरून त्याला गोळी घालून मारण्यात आले आणि १९५५ साली तो निर्दोष असल्याचे जाहीर झाले. परंतु १८९८ च्या उन्हाळ्यात यातले काहीच कोणाला दिसत नव्हते. तेव्हा तो केवळ मनासारखी भूमिका न मिळालेला एक तरुण नट होता.

शरद ऋतूत मंडळी मॉस्कोला परतली. भाड्याने मिळालेले ‘हर्मिटेज’ नाट्यगृह अगदी मोडकळीस आलेले होते. आत शिळ्या बिअरचा वास दरवळत होता. भिंती इतक्या पातळ की, रंगपटात एक खिळा ठोकावयास जावे तो वीट बाहेर पडावी आणि भोकातून गार वारा आत यावा! रशियाच्या थंडीत रंगपटात टांगलेले पोशाख भिंतीला गोठून चिकटत. मंडळींनी भिंतींना पांढरा रंग दिला, जुन्या वस्तू दिसेनाशा केल्या आणि सत्तरांहून अधिक तालमी झालेले ते पहिले नाटक उभे केले.

तारीख होती १४ ऑक्टोबर १८९८. (रशियात तेव्हा जुनी दिनगणना चालू होती, ती आपल्या दिनगणनेच्या बारा दिवस मागे असे.) पडदा उघडण्यास काही क्षण उरले असता स्तानिस्लाव्स्की नटांना धीर देण्यासाठी रंगमंचावर आले. वाद्यवृंद सुरू झाला आणि त्यांचा आवाज त्यात बुडाला. तेव्हा बोलता येत नाही तर नाचून तरी उत्साह द्यावा, म्हणून ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने नाचू लागले! ते पाहून नट अधिकच घाबरले. अखेर व्यवस्था पाहणाऱ्या एका नटाने त्यांना रंगमंचावरून चालते होण्यास दरडावून सांगितले. ज्याने सगळी मंडळी उभी केली, तो माणूस मुकाट्याने आपल्या खोलीत जाऊन बसला. शिस्त ही सर्वांना सारखीच असावी हे त्यानेच तर ठरविले होते.

‘झार फ्योदोर’ गाजले. मॉस्क्विनचे नाव एका रात्रीत शहरभर झाले. परंतु एका यशाने संस्था जगत नाही. मागून आलेली काही नाटके पडली, एकावर बंदी आली, पैसा आटत चालला. आता सगळी मदार एकाच नाटकावर होती आणि ते नाटक मोठे अवघड होते. अंतोन चेकोव्हचे ‘सीगल’ म्हणजे समुद्रपक्षी. दोन वर्षांपूर्वी सेंट पीटर्सबर्ग येथे या नाटकाची भर प्रेक्षागृहात हेटाळणी झाली होती. खचलेला चेकोव्ह नाटक लिहिणेच सोडावयास निघाला होता. नेमिरोविच-दान्चेन्कोंनी पुन्हा पुन्हा पत्रे पाठवून त्याची परवानगी मिळविली. सप्टेंबरात तो तालमींना येऊन बसला, राणी झालेल्या ओल्गा क्निप्परचे काम त्याला फार आवडले आणि नंतर क्षयाच्या विकारामुळे तो दूर दक्षिणेस याल्टा गावी निघून गेला.

‘सीगल’च्या प्रयोगाची तारीख १७ डिसेंबर ठरली. त्याच्या आधी चेकोव्हची बहीण मारिया रडवेल्या चेहऱ्याने नाट्यगृहात आली. भावाची प्रकृती फार बिघडली आहे. नाटक पुन्हा पडले तर तो धक्का त्याला सोसवणार नाही, तेव्हा प्रयोग पुढे ढकलावा, अशी विनवणी तिने केली. नाटक पुढे ढकलणे म्हणजे नाट्यगृह बंद करणे होते. चालकांनी प्रयोग करावयाचे ठरविले. पण बहिणीचे ते शब्द नटांच्या कानांत राहिले. काही महिन्यांपूर्वी जे विद्यार्थी परीक्षकांसमोर उभे होते, त्यांच्यावर आता एका आजारी माणसाच्या जिवाचा भार येऊन पडला होता. इतका कठीण पेपर कोणत्या शाळेने काढला असता?

तिसरी घंटा झाली. प्रेक्षागृह भरलेलेही नव्हते. मन शांत राहावे म्हणून सर्वांनीच औषधाचे थेंब घेतले होते आणि रंगमंचावर जिकडेतिकडे त्याचाच उग्र वास येत होता. पहिल्या अंकात नटांनी प्रेक्षकांकडे पाठ करून बाकावर बसावयाचे होते. पाठमोरे बसल्यामुळे प्रेक्षकांचे चेहरे दिसत नव्हते. स्तानिस्लाव्स्कींचा पाय इतका कापत होता की, तो त्यांना हाताने दाबून धरावा लागला. ओल्गा क्निप्परच्या अंगात सणसणून ताप होता. तसल्या तापात ती नाटकातील नामांकित, ऐटबाज नटी रंगवीत होती. मेयरहोल्डला या वेळी मोठी भूमिका मिळाली होती, नव्या वाटेने लिहू पाहणाऱ्या पण घरच्यांनाच न समजणाऱ्या एका तरुण लेखकाची.

पहिला अंक संपला. पडदा पडला. प्रेक्षागृहात एकही टाळी नाही.

नट जागच्या जागी थिजून उभे राहिले. कोणी कोणाशी बोलेना. क्निप्परला हुंदका आवरेना. मंडळी हळूहळू विंगेकडे वळू लागली. सगळे बुडाले आणि त्याबरोबर याल्टातला तो माणूसही बुडाला, असेच त्या क्षणी प्रत्येकाला वाटले.

आणि मग एकाएकी, बांध फुटावा तसा, टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पुन्हा उघडला तेव्हा नट अर्धवट पाठ फिरवून उभे होते; वाकून नमस्कार करण्याचेही त्यांना सुचेना. प्रेक्षक त्या अंकाने इतके भारावून गेले होते की टाळी वाजविण्याचे भानच त्यांना काही काळ राहिले नव्हते. पडद्यामागे सगळे एकमेकांना मिठ्या मारीत होते, कोणी रडत होते, आणि स्तानिस्लाव्स्की पुन्हा एकदा नाचत होते. या वेळी मात्र त्यांना कोणी हाकलले नाही. नाटक संपल्यावर चेकोव्हला अभिनंदनाची तार पाठवावी, असा आग्रह प्रेक्षकांनीच धरला. पुढे त्या नाट्यसंस्थेने समुद्रपक्ष्याचेच चित्र आपल्या पडद्यावर कायमचे घेतले. तीन वर्षांनी, १९०१ साली, चेकोव्ह आणि ओल्गा क्निप्पर यांचा विवाह झाला. १९४३ साली वयाच्या पंचाहत्तरीतही ती त्याच्या नाटकात भूमिका करीत होती.

पण हे सगळे नंतरचे. त्या रात्रीनंतर लगेच काय झाले, ते सांगावयाचे राहिले. एवढे मोठे यश मिळाल्यावर दुसऱ्या प्रयोगाला गर्दी लोटणार हे उघड होते. आणि नेमका तोच प्रयोग मंडळीला रद्द करावा लागला. क्निप्परचा ताप उतरला नव्हता. ती अंथरुणाला खिळली होती. तिच्या जागी दुसऱ्या कोणा नटीला उभी करून उत्पन्न पदरात पाडून घेता आले असते आणि मंडळीला पैशाची किती निकड होती, हे वर आलेच आहे. तरी चालकांनी तिच्यासाठी नाटक थांबविले. थोड्याच दिवसांनी ती बरी होऊन आली, रंगपटात आपल्या आरशासमोर बसली आणि पुन्हा पहिली घंटा झाली.