भट्टीचा कल

रनरमधून लोखंड वाहू लागलं की मी आधी ठिणग्या बघतो. जमिनीलगत बारीक ठिणग्यांचा सडा पडत असेल, तर सिलिकॉन उतरलाय, झोतभट्टीचा तळ थंडावतोय. धार संथ असेल, ठिणग्या तुरळक असतील, तर सिलिकॉन चढलाय. लॅबचा आकडा मागाहून येतो.

सिलिकॉनच का बघायचा? लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कार्बन सुमारे 720 अंश सेल्सिअसलाच ओढू लागतो. सिलिका मात्र दीड हजाराच्या आसपास गेल्याशिवाय दाद देत नाही. तळ जितका तापलेला, तितका सिलिकॉन लोखंडात जास्त. तिथे थर्मामीटर घालता येत नाही, हाच आमचा थर्मामीटर.

हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी 1944 साली अशा ऑक्साइडांच्या रेषा एका आलेखावर आणल्या. तापमानाबरोबर धातूंच्या रेषा वर चढतात. कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड होण्याची रेषा खाली उतरते, कारण घन कोळशाचा वायू होताना एन्ट्रॉपी वाढते. ज्याची रेषा खाली, त्याची ऑक्सिजनवर पकड जास्त; म्हणून तापवत जाल तसा कोळसा एकेका धातूला भारी पडत जातो. ॲल्युमिनियमसाठी दोन हजारांच्याही वर जावं लागतं. तिथे विजेचाच आधार घेतात. हा आलेख मला आजही सुंदर वाटतो.

नवी मुलं विचारतात, ‘‘सर, वरून जाणाऱ्या वायूत एवढा मोनॉक्साइड शिल्लक कसा? तो वायाच गेला ना?’’ एकोणिसाव्या शतकातल्या भट्टीवाल्यांनाही हेच वाटलं होतं. वायूला खनिजाचा सहवास कमी पडतो असं समजून त्यांनी खर्च करकरून भट्ट्या उंच केल्या. मोनॉक्साइड काही हटला नाही. रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांनी ही हकिकत आवर्जून सांगितली आहे. नऊशे अंशांच्या सुमारास लोखंड लोखंड म्हणून टिकायचं, तर भोवतालच्या कार्बनी वायूंत साधारण दोन तृतीयांश मोनॉक्साइड असावाच लागतो. हा समतोल आहे. उंचीने तो बदलत नाही. उरलेला वायू आम्ही स्टोव्हमध्ये जाळून झोताची हवा तापवतो.

भट्टी आपल्या नियमानेच चालते, हे समजलं की घाई कमी होते. वरून वाढवलेल्या कोकचा गुण तळाशी दिसायला कित्येक तास जातात, बऱ्याचदा पुढची पाळी उजाडते. मधल्या काळात कुणी धीर सोडून आणखी कोक ओतला, तर भट्टी अति तापते, मग उलटी धावपळ. म्हणून पुढच्या पाळीला चार्ज देताना मी आकड्याबरोबर कलही सांगतो: ‘‘सिलिकॉन उतरत होता, कोक दिलाय. दोन टॅपिंग होऊ द्या, तोवर हात लावू नका.’’