पट्टी झाल्यावर

अण्णा उमरीच्या मोंढ्यात आडतीवर मुनीम होते. शेतकऱ्याच्या कापसाला भाव लागला तरी ते आकडा पक्का धरत नसत. माप व्हायचं, हमाली, तोलाई वजा व्हायची आणि शेवटच्या हिशोबाची पट्टी झाली की मग वहीत शाई लागायची. "भाव म्हणजे पैसा नाही रे," ते म्हणायचे.

त्याच गावात बसून मी दूरच्या ऑनलाइन दुकानांची पानं तपासतो. एकाच पानाची दोन रूपं करायची, चिठ्ठी काढल्यासारखं निम्म्या गिऱ्हाइकांना एक आणि निम्म्यांना दुसरं दाखवायचं, आणि कोणत्या रूपानं जास्त कमावलं ते बघायचं. परभणीच्या कृषी विद्यापीठातले वाणांचे प्लॉट ज्यांनी पाहिलेत त्यांना हे नवं वाटणार नाही. इंग्लंडात रोथमस्टेडच्या शेतांवर रोनाल्ड फिशरनं 1920च्या दशकात हीच शिस्त घालून दिली: कोणत्या तुकड्याला कोणतं खत, ते माणसानं ठरवायचं नाही. माणूस चांगली जमीन लाडक्या वाणालाच देतो.

सुरुवातीला मी नुसत्या ऑर्डरी मोजायचो. शेंगा मोजून उतारा सांगावा, तसं. साड्यांच्या एका दुकानासाठी नव्या पानावर 'माल हातात आल्यावर पैसे' हा पर्याय सगळ्यात वर आणला. ऑर्डरी भराभर वाढल्या. नवं पान जिंकलं म्हणून मी मालकांना कळवलं, त्यांनी जुनं काढून टाकलं. मग पार्सलं परत येऊ लागली. दाराला कुलूप, फोन उचलत नाहीत, घरचे नको म्हणाले. जाण्यायेण्याचं भाडं दुकानाच्या अंगावर. परत आलेला माल वजा केला तेव्हा जुनंच पान पुढं निघालं. माझ्या घाईनं दुसऱ्याचा पैसा गेला, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून प्रत्येक रुपया कुठून आला आणि टिकला का, हे पाहिल्याशिवाय मी बोलत नाही. यूपीआयनं पैसे देणारं गिऱ्हाईक पेमेंटच्या ॲपमध्ये जातं, पैसे कटतात, आणि ते तिथूनच फोन खिशात टाकतं. 'आभारी आहोत' हे पान उघडतच नाही. मोजणी त्या पानावर बसवली असेल तर ती विक्री नोंदली जात नाही. उलट कुणी तेच पान दोनदा उघडलं तर एक साडी दोनदा विकली जाते. म्हणून नोंद दुकानाच्या सर्व्हरनंच पाठवायची, ऑर्डरच्या नंबरासकट. तोच नंबर पुन्हा आला तर सोडून द्यायचा. चोख नोंदीची ही शिस्त आमच्या गावाला नवी नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात 30 जानेवारी 1948 रोजी आमच्या गावची बँक लढ्यासाठी लुटली गेली. त्या पैशाचा चोख हिशोब ठेवला होता, हे अण्णा लुटीइतक्याच अभिमानानं सांगायचे.

सगळ्यात अवघड असतो बस्ता. एखादं घर लग्नाच्या साड्या एकदम घेतं आणि ज्या पानावर घेतं ते पान एका रात्रीत पुढं जातं. तो पैसा खराच, पुसायचा कसा? पण त्यावरून पानाची पारखही होत नाही. अशा ऑर्डरीचं काय करायचं, ते मी आता चाचणी सुरू व्हायच्या आधीच कागदावर लिहून मालकांची संमती घेतो. निकाल दिसू लागल्यावर ठरवलं की मन आपल्या बाजूनं वळतं.

सध्या एका मसाल्याच्या दुकानाची चाचणी चालू आहे. मालकीणबाईंचा रोज फोन येतो, "कोणतं पान पुढं आहे?" शेवटच्या पार्सलाची परतीची मुदत संपायला अजून नऊ दिवस आहेत. "ताई, पट्टी व्हायचीय," मी सांगतो.