मऊ भात

चार्ल्स लॅम्ब यानें १८२२ सालीं डुकराच्या भाजलेल्या पिलावर निबंध लिहून इंग्रजी वाङ्मयांत त्या पदार्थास अमर केलें. तो निबंध शिकवितांना दर वेळीं आमच्या मनांत येतें, कीं आमच्या मऊ भातालाच असा एखादा भाट कां मिळूं नये? जिलबीला लग्नाची पंगत आहे, पुरणपोळीला होळी आहे, मोदकाला तर साक्षात् गणपतीचा वशिला आहे. बिचाऱ्या मऊ भाताला तिथि नाहीं कीं वार नाहीं. ताप उतरला, प्रवासाहून कोणी शिणून आलें, पावसाची झड लागली, कीं मग त्याची आठवण व्हावयाची.

त्याची कृति दोन ओळींत संपते. आंबेमोहर तांदूळ धुवावा, चौपट-पांचपट पाणी घालावें आणि मंद आंचेवर कण मोडेपर्यंत शिजूं द्यावा. तांदूळ नवा असल्यास अधिक बरा. जुन्याचा भात मोकळा होतो, नव्याचा चिकट होतो, आणि पंगतींत जो दोष तोच येथें गुण ठरतो. वर मीठ, साजूक तूप व मेतकूट. तोंडीं लावावयास लिंबाचें लोणचें. खरें पांडित्य मेतकुटांत आहे. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहूं हीं निरनिराळीं खमंग भाजावयाचीं आणि धने, जिरें, मेथ्या, सुंठ, हळद, हिंग यांसह बारीक दळावयाचीं. भाजण्यांतच कच्चेपणा गेलेला असल्यामुळें तें पुन्हां चुलीवर चढवावें लागत नाहीं.

लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० सालीं 'गृहिणीमित्र' या ग्रंथांत हजार पाकक्रिया दिल्या. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' निघाली व वाटी-चमच्याचीं मापें घरोघर पोंचलीं. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. परंतु मऊ भाताचें सुख कोणत्याहि मापांत बसत नाहीं. आपण थकलों आहों हें न सांगतां दुसऱ्या कोणाच्या लक्षांत आलें आणि तें माणूस आपल्यासाठीं चुलीपाशीं उभें राहिलें, या जाणिवेंत तें सुख आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या सौभाग्यवती आठ दिवस तापानें अंथरुणावर होत्या. चिरंजीव परगांवाहून आले आणि त्यांनीं आईसाठीं मऊ भात रांधला. तो तळाशीं किंचित् लागला होता, मेतकूटहि जरा जास्तच पडलें होतें. तिनें मात्र ताटली निपटून पुसली आणि म्हणाली, "अरे, माहेर सुटल्यापासून असा कढत भात कोणी माझ्यापुढें आयता ठेवला नव्हता रे."

आईच्या हातची चव नाहींशी होत चालली, असा विलाप हल्लीं सर्वत्र ऐकूं येतो. विलाप करणारे बहुधा जेवणारे असतात. ज्या हातांनीं पिढ्यान् पिढ्या ही चव राखली, त्यांच्या वांट्याला सर्वांच्या मागून बसणें आणि निवालेला भात आला. ज्याला हें सुख टिकावेंसें वाटतें, त्यानें प्रथम तें दुसऱ्याला देण्यास शिकावें. भातवाढी घरांत हातोहात फिरली पाहिजे. दोन ओळींची ती कृति. तिला विद्यापीठाची पदवी लागत नाहीं.