तांबूल आणि पानाचा डबा : कच्च्या छायाचित्रांच्या जतनाचा प्रश्न

माहूरच्या रेणुकादेवीचा प्रसाद म्हणून मिळणारा तांबूल विड्याची पाने, कात, सुपारी आदी जिन्नस एकत्र कुटून केलेला असतो आणि एकदा तो कुटला गेला की त्यातून पान किंवा कात वेगळा काढणे कोणालाही शक्य नसते. पानाच्या डब्यात मात्र प्रत्येक जिन्नस आपापल्या खणात राहतो व विडा कसा लावायचा हे लावणाऱ्याच्या हाती असते. डिजिटल छायाचित्रणातील जेपीजी हा असा कुटलेला तांबूल आहे, तर कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जिला व्यवसायात सर्रास ‘रॉ’ म्हणतात, ती पानाच्या डब्यासारखी आहे. सामान्य वाचकाला समजेल असे लिहावे ही संपादकांची अट या दृष्टान्तापुरती पाळता येते. पुढे थोडे तांत्रिक खोलात शिरावे लागते, त्याला इलाज नाही.

कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक बिंदू केवळ प्रकाशाचे प्रमाण मोजतो, रंग ओळखत नाही. म्हणून त्यावर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते, आणि कोडॅकमधील संशोधक ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या, तर लाल व निळ्या प्रत्येकी पाव हिस्सा असतात. कच्च्या फाइलीत ही मोजमापे रंगीत चित्रात रूपांतर होण्यापूर्वीच्या अवस्थेत साठवली जातात. १४ बिटांच्या नोंदीत प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६च. माहूरच्या पांडवलेण्यासारख्या ठिकाणी तोंडावरचे दुपारचे ऊन आणि आतल्या दगडाचा अंधार एकाच चौकटीत येतात, तेव्हा सावलीतले कोरीवकाम नंतर उजेडात आणता येईल की नाही हे बऱ्याच अंशी या पायऱ्यांवर ठरते. शेंदराची अडचण वेगळी आहे, कारण त्याच्या छायाचित्रात लाल रंगाची नोंद सर्वांत आधी भरून वाहू लागते आणि जेपीजीत शेंदूरचर्चित मूर्तीचा एक सपाट केशरी गोळा उरतो; कच्च्या फाइलीत मात्र लेपाचे थर पुष्कळदा शाबूत सापडतात.

ते सापडतात, पण आपोआप दिसत नाहीत. प्रकाश किती वाढवायचा, समईच्या पिवळ्या उजेडाचा हिशेब कसा धरायचा, लाल कुठे आवरायचा, हे कोणीतरी बसून ठरवावे लागते आणि या निर्णयांनाच येथे ‘संस्कार’ म्हटले आहे. ‘एडिट केलेला फोटो म्हणजे खोटा फोटो’ ही समजूत शिकल्यासवरल्या माणसांतही इतकी पक्की आहे की तिच्याशी वाद घालण्याचा आता कंटाळा येतो. कच्च्या फाइलीला संस्काराविना रूपच नसते आणि ज्याला लोक ‘जसाच्या तसा’ फोटो म्हणतात त्यावर कॅमेऱ्याच्या कारखान्याने आधीच संस्कार करून दिलेले असतात, एवढे सांगून पुढे जाणे बरे. काचेच्या निगेटिव्हच्या काळातही, माहूर निझामाच्या राज्यात असताना आणि राजा दीनदयाळ त्या दरबाराचे छायाचित्रकार असताना, निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवण्याची रीत स्टुडिओंत रूढ होती. फरक इतकाच की तो संस्कार त्याच काचेवर राहत असे; काच जिथे जाई तिथे तोही जाई.

डिजिटल संस्कार बहुधा मूळ फाइलीला हात लावत नाहीत. ते सूचनांच्या रूपात एका स्वतंत्र फाइलीत लिहिले जातात, जिचे नाव मूळ छायाचित्राचेच असते पण शेवटी ‘एक्सएमपी’ हे शेपूट असते. ‘एक्सएमपी’ हे स्वरूप अॅडोबीने २००१ मध्ये आणले. २४ मेगापिक्सेलची १४ बिटांची आकुंचित न केलेली कच्ची फाइल ४२ एमबीच्या आसपास भरते आणि ही सोबतची फाइल अवघी काही केबींची. लेण्यांच्या दस्तऐवजीकरणाचे एक काम प्रस्तुत लेखकाने सुपूर्द केल्यावर पुढच्या हातांनी ‘फोटो तेवढे’ दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले आणि या छोट्या फाइली कचरा समजून पुसल्या. छायाचित्रे सगळी होती, पण अनेक दिवसांचे रंगनिर्णय एकही नव्हते, आणि ते आठवणीतून पुन्हा करताना दोन भिंतींचा रंग पूर्वीसारखा जुळला नाही तो नाहीच.

म्हणूनच मूळ फाइल आणि सूचना या दोन्हींची मोट एकत्र बांधावी असा आग्रह पुढे आला. सप्टेंबर २००४ मध्ये अॅडोबीने जाहीर केलेल्या डीएनजी या खुल्या स्वरूपात सूचना कच्च्या छायाचित्राच्या पोटातच लिहिता येतात, तर ‘कॅप्चर वन’ या प्रणालीचे ईआयपी हे गाठोडे म्हणजे वस्तुतः एक झिप फाइल असून तिच्यात कॅमेऱ्याची मूळ फाइल, सूचना आणि रंगांची परिमाणे शेजारी शेजारी ठेवलेली असतात.

या दोहोंत श्रेष्ठ कोण, या वादावर इतकी शाई आणि रात्री खर्ची पडल्या आहेत की येथेही तो टाळता येत नाही. डीएनजीच्या विरोधकांचे म्हणणे असे की रूपांतरात कॅमेरा-निर्मात्याच्या खासगी नोंदींचे पुढे काय होईल याची शाश्वती नाही, आणि सूचनेत एक आकडा बदलला तरी सगळी फाइल बदलून तिची राखीव प्रत नव्याने घ्यावी लागते. यातला दुसरा आक्षेप खरा आहे. तथापि डीएनजीत केवळ चित्रबिंदूंचा वेगळा पडताळा-अंक ठेवण्याची सोय असल्याने संस्कार बदलले तरी मूळ मोजमापे अभंग आहेत हे तपासता येते, आणि ही गोष्ट विरोधक सोयीस्करपणे विसरतात. पहिल्या आक्षेपावर मूळ फाइल डीएनजीतच समाविष्ट करण्याचा पर्याय आहे, मात्र मग आकार जवळजवळ दुप्पट होतो.

खरी गोम मात्र निराळीच आहे. माहूर हे महानुभावांचेही तीर्थ आहे, आणि त्या पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्यामुळे वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत त्या पंथाबाहेरच्या अभ्यासकांसाठी बंदच होत्या. संस्कारांच्या सूचनांचे तसेच आहे. ‘प्रकाश अधिक १.३५’ ही ओळ कोणालाही वाचता येते, पण तिचा नेमका अर्थ ती लिहिणाऱ्या प्रणालीलाच कळतो, आणि तीच प्रणाली तो काळानुसार बदलते. अॅडोबीच्या लाइटरूम या प्रणालीत २००३, २०१० आणि २०१२ अशा वर्षांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रक्रिया-आवृत्त्या आहेत. २००५ मध्ये निकॉनच्या डी-टू-एक्स कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाच्या रंगाच्या हिशेबाची, नोंद सांकेतिक असल्यावरून जगभर वाद झाला, त्याच्या मुळाशी नोंद फक्त ती लिहिणाऱ्यालाच वाचता येईल हीच धास्ती होती. तेव्हा गाठोडे डीएनजीचे की ईआयपीचे हा प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मते दुय्यम असून, त्यात मूळ फाइल आणि सूचना यांच्या जोडीला त्या सूचनांनुसार तयार झालेले अंतिम चित्र टिफ स्वरूपात ठेवलेले नसेल तर ते जतन अपुरे समजावे. असे टिफ प्रत्येकी १४४ एमबीपर्यंत जाते, ही तक्रार मान्य आहे, आणि डिस्कची किंमत कोणी द्यायची हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो.

नवरात्रातील उत्सवाची, घरच्या लग्नाची किंवा गावच्या मंदिराची छायाचित्रे ज्यांनी कच्च्या स्वरूपात घेतली आहेत त्यांनी दिवाळीच्या सुटीत एवढे अवश्य करावे: एक फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवून छायाचित्रे पूर्वीसारखी उघडतात का ते पाहावे, आणि ‘एक्सएमपी’ शेपटाच्या फाइली कोणालाही पुसू देऊ नयेत.