गुडघे टेकण्यापूर्वी

‘गुडघे टेकणे’ म्हणजे हार मानणे. शाळेत असताना हा वाक्प्रचार वाक्यात वापरून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण आपल्याला खरोखरच गुडघे टेकता येतील की नाही, यावर एक दिवस तीन-तीन डॉक्टरांशी खल करावा लागेल, असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते.

घडले ते एवढेच. अकोटच्या मैदानावर कबड्डीचा सराव चालू होता. चढाई आटोपून मी मध्यरेषेकडे वळलो. डावा पाय मातीत रुतलेला आणि अंग मात्र उजवीकडे फिरलेले. मला कोणी धरलेसुद्धा नव्हते! वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी बसलो. संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजासारखा सुजला.

पुढचे तीन आठवडे हाड बसवणाऱ्याकडे तेल चोळण्यात गेले. सूज उतरली, मी चालूही लागलो. पण जिना उतरताना गुडघा मध्येच सटकायचा. आपलाच पाय आपल्याला दगा देतो, हा अनुभव विलक्षण असतो. शेवटी अकोला गाठले. अकोट-अकोला जुनी छोटी रेल्वे २०१७ मध्ये बंद झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रॉडगेजची गाडी धावू लागली. बसच्या सीटमध्ये दुमडून बसण्यापेक्षा पाय पसरायला ती बरी, हे या निमित्ताने कळले. असो.

डॉक्टरांनी गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढली. टेबलाचा खण उघडावा तशी ती पुढे आली. एमआरआयमध्येही तेच निघाले. गुडघ्याच्या आत दोन बंध फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यांतला पुढचा, म्हणजे वर्तमानपत्रातल्या क्रीडापानावर भेटणारा ‘एसीएल’, पूर्ण तुटलेला. शिवाय गादीचा एक कोपराही फाटलेला.

“मग शिवून टाका ना,” मी म्हणालो. डॉक्टर हसले. मेयो रॉबसन नावाच्या शल्यवैद्याने १८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्स येथे एका खाणकामगाराचे असे बंध शिवलेही होते. पण पुढे अनुभवाने कळले, की हा बंध नुसता शिवून सहसा टिकत नाही. सांध्यातल्या पाण्यात रक्ताची गाठ धरत नाही आणि गाठीवाचून जखम सांधत नाही. म्हणून दुसरा दोर घालावा लागतो. तो कृत्रिम चालत नाही का? १९८० च्या दशकात तसे प्रयोग पुष्कळ झाले. धागे तुटले, त्यांच्या कणांनी गुडघे सुजले. तेव्हा उसनवारी करायची ती आपल्याच शरीराकडून!

कोठून करायची, यावर मात्र एकमत नव्हते. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मांडीच्या मागच्या दोन कंडरा काढू, त्या दुमडून चार पदरी दोर करू. अमरावतीचे म्हणाले, तू खेळाडू आहेस, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा घेऊ. त्याच्या दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे येतात. हाडाशी हाड सहा-आठ आठवड्यांत जुळते. मांडीच्या दोराला हाडात रुजायला तीन महिनेही लागतात आणि तरुण खेळाडूंमध्ये तो पुन्हा तुटण्याचे प्रमाण थोडे जास्तच. तिसऱ्या डॉक्टरांनी तर विचारले, शस्त्रक्रियेची घाई कशाला? २०१० साली स्वीडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात १२१ तरुण होते. काहींना लगेच शस्त्रक्रिया, काहींना आधी फक्त व्यायाम. पाच वर्षांनी पाहिले, तर व्यायामवाल्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती आणि गुडघे दोन्हीकडचे सारखेच. मला हे फार आवडले. पण गादी फाटलेली, गुडघा रोज सटकणारा. तेव्हा तुझ्या बाबतीत थांबण्यात अर्थ नाही, असे त्यांनीच सांगून टाकले.

मित्रांनी माझ्यासाठी अमरावतीचा पक्ष घेतला. सांगलीच्या स्मृती मानधनाचा हाच बंध जानेवारी २०१७ मध्ये तुटला होता आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिने विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध ९० धावा काढल्या, हे मला दिवसातून दोनदा ऐकवले जाई. माझेही ठरल्यासारखे होते. विद्यापीठाचा संघ, मग पोलीस भरती, असा माझा सरळ हिशोब होता.

अमरावतीच्या दुसऱ्या फेरीत बाबा बरोबर होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “डाक्टरसाहेब, तुमचं समदं खरं हाये. पन ह्या पोराले मंग मळ्यात गुडघे टेकता येतीन काय?”

आमचा पानपिंपरीचा मळा आहे. ही वेल आधाराला चढवावी लागते, पुन्हापुन्हा बांधावी लागते. खुरपण, बांधणी, तोडणी, सारे काम वाकून, उकिडवे किंवा गुडघ्यांवर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, “खरं सांगतो. वाटीखालचा दोर काढला, की काही जणांना गुडघे टेकताना वर्षानुवर्षं दुखतं.”

परतीच्या वाटेवर मी बाबांशी बोललो नाही. मला राग आला होता, आणि तो गुडघ्याचा नव्हता. मला मळ्यात परत जायचेच नव्हते. हे मी कधी बोलून दाखवले नव्हते आणि बाबांनी कधी विचारले नव्हते. त्या एका प्रश्नाने दोघांचेही उघडे पडले.

मग मी एक खुळेपणा केला. एक दिवसभर माझे गुडघे किती वेळा जमिनीला लागतात ते मोजले. चांगला उजवा टेकत होतो, डाव्याची नुसती नोंद. सतरंजीवर वाचताना, आजीच्या खाटेखालची पेटी ओढताना, देवापुढे, मोटारसायकलची चेन बसवताना, मळ्यात. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस. कबड्डी सराव धरून दोन तास. शिवाय मांडीच्या मागची कंडरा काढली, तरी पुष्कळांच्या बाबतीत ती दीड-दोन वर्षांत पुन्हा वाढते, पालीच्या शेपटीसारखी, हे अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलेले आठवले. पूर्वीइतकी ताकद येत नाही, गुडघा पार दुमडताना कमी पडते, हेही त्यांनी लपवले नव्हते. मी मांडीचा दोर निवडला. हा त्याग वगैरे नव्हे. पोलीस भरतीची पुस्तके अजून उशाशी आहेत.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे काही नाही. कंबरेखाली बधिर होतो आणि डॉक्टर क्रिकेटवर बोलत होते. खरा छळ नंतरचा. टाचेखाली आमच्या अकोटच्या सतरंजीची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ खाली दाबायचा, रोज, महिनोन् महिने. आई शेजारी बसून मोजायची आणि माझे तोंड वाकडे झाले, की आकडा विसरायची. मग पुन्हा पहिल्यापासून!

सहा महिने झाल्यावर एका सकाळी बाबा मळ्यात म्हणाले, “टेकून पाह्य.” मी आधी उजवा टेकला, मग हळूच डावा. टाक्यांच्या बाजूची कातडी अजून बधिर आहे, तेवढीच माती लागल्याचे कळले नाही. बाकी कळले. बाबा काही बोलले नाहीत. एक सुटलेली वेल त्यांनी माझ्या हातात दिली, ती मी बांधली.

मैदानात उतरायला डॉक्टरांनी नऊ महिन्यांच्या आत साफ मनाई केली आहे. म्हणजे अजून तीन. भरतीच्या जाहिरातीचे मी बाबांना अद्याप सांगितलेले नाही.