विजा-अ

कॉलेजची आयशेची माहिती भरायचं काम यंदा माझ्याकडे आलं आणि मी त्यात अक्षरशः बुडून गेले! आयशे म्हणजे केंद्राचं उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण. 2010-11 पासून देशभरातल्या कॉलेजांकडून ही आकडेवारी घेतली जाते. मी प्रवेश अर्जांचे गठ्ठे उघडून बसले.

अजा, अज, विजा-अ, भज-ब, भज-क, भज-ड, विमाप्र, इमाव. वर्षानुवर्षं डोळ्यांखालून गेलेले हे रकाने पहिल्यांदा नीट वाचले. भज म्हणजे भटक्या जमाती, इमाव म्हणजे ओबीसी आणि विजा म्हणजे विमुक्त जाती. या विजाच्या रकान्यामागे 1871चा गुन्हेगार जमाती कायदा आहे! इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्या मागे हजेरी लावली. तो कायदा 31 ऑगस्ट 1952ला गेला. राज्याच्या विजा-अ यादीत 14 जाती आहेत, त्यांत बंजारा. आणि आपल्या चाळीसगाव तालुक्यात तर बंजाऱ्यांचे तांडेच तांडे!

हातात एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला होता. जातीपुढे निळ्या शाईत ‘हिंदू लमाण’, म्हणजे बंजाराच, त्यावर अर्धवट उमटलेला गोल शिक्का. आईवडील ऊसतोडीला जातात, पोरगी बीएस्सीला. महाराष्ट्रात ती विजा-अ, आरक्षण 3 टक्के. पण दिल्लीच्या फॉर्मवर हा रकानाच नाही! तिथे ती सरळ ओबीसीत, माळी-शिंप्यांच्या मुलांबरोबर. हीच पोरगी कर्नाटकातल्या तांड्यावर जन्मली असती तर अनुसूचित जातीत असती आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. उद्या शिकायला अमेरिकेला गेली तर? तिथली विद्यापीठं वंशाची आकडेवारी ठेवतात, पण व्हिसावर आलेल्यांना वंशात धरतच नाहीत. ते सगळे ‘अनिवासी’. तिथे जन्मलेलं तिचं मूल मात्र ‘एशियन’! रात्री जेवताना घरात मी हेच सांगत होते.

ऑफिसातल्या भाऊसाहेबांना विचारलं, तर त्यांना सगळं तोंडपाठ. “मॅडम, वंजारी भज-डमध्ये, बंजारा विजा-अमध्ये. नावं सारखी वाटतात, पण सरमिसळ करू नका. धनगर भज-क.” एवढं बारीक ज्ञान आमच्या ऑफिसात आहे आणि वर जाणाऱ्या तक्त्यात त्याचा मागमूस राहत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते. ओबीसीच्या एका आकड्यात सगळे मिसळले, तर तांड्यावरच्या किती मुली पदवीपर्यंत पोचल्या हे दिल्लीला कळणार कसं?

म्हणून कॉलेजपुरता वेगळा तक्ता करायला घेतलाय. विजा-अ, भज-ब, क, ड स्वतंत्र, मुलं-मुली वेगळ्या. पहिल्या वर्षाला किती आले, तिसऱ्याला किती टिकले. दिवाळीनंतर तांडे ऊसतोडीला निघतात तेव्हा वर्गातून कोण गळतं, तेही महिनावार. आमच्या विद्यापीठात जळगाव, धुळे, नंदुरबार अशी तीन जिल्ह्यांतली कॉलेजं आहेत. तिथल्या आयशेच्या नोडल ऑफिसरांना फोन लावायला सुरुवात केली आहे.