तिरप्या उजेडात

डोंग्याचं काम तळापासून सुरू होतं. खोड जमिनीवर आडवं झालं की बघणाऱ्याला वाटतं, आता हे पोखरायला घेणार. जाणता कारागीर मात्र खोड पालथं घालतो आणि आधी बाहेरचा आकार काढतो: तळ, दोन्ही कुशी, पुढचं नाक, मागची शेपटी. आतून किती काढायचं हे बाहेरून किती ठेवलं यावर अवलंबून असतं, म्हणून पोखरण्याची पाळी नंतर येते. डोंगा पाण्यात उतरला की हा तळ पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही. पण डोंगा सरळ जाणार की भरकटणार, उभ्यानं जाळं फेकताना माणसाचा तोल राहणार की जाणार, ते सगळं तिथंच ठरलेलं असतं.

मी नाकाडोंगरीचा. भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, बावनथडीच्या खोऱ्यातलं हे गाव. मध्य प्रदेशची हद्द इथून जवळ. परिसरात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, सागवानाचं जंगल, आणि मधेमधे धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव. आमचं घर वाढयांचं. बंडीची चाकं, नांगर, वखर, दाराच्या चौकटी ही आमची पिढीजात कामं. डोंगा मात्र आमच्या अंगणात होत नसे. तो मासे मारणारे ढिवर स्वतःच करायचे. जमिनीवरचं लाकूड वाढयाचं आणि पाण्यातलं ढिवराचं, अशी जुनी वाटणी होती. वडिलांकडे धार लावायला आलेली हत्यारं परत पोहोचवायला मी ढिवरटोलीत जायचो आणि तिथंच रमायचो. डोंगा शिकलो तो असा, निरोप्याच्या कामातून.

ज्यांच्याजवळ बसून शिकलो त्यांना सगळं गाव मामाजी म्हणायचं. ते स्वतः मासे मारत. कधीमधी एखादा डोंगा करत, आणि तो कुणासाठी हे आधीच ठरलेलं असे. झाड बघायला जाण्याआधी ते माणूस बघत. बसून जाळं टाकतोस की उभ्यानं? एकटाच जातोस की लेकाला सोबत नेतोस? नदीत घालणार की तलावातच ठेवणार? शिंगाड्यासाठी पाहिजे की मरळीसाठी? उत्तरं ऐकून घेत, आणि पुष्कळदा त्या माणसाला तलावावर नेऊन जुन्या डोंग्यात उभं करून बघत. तो पाय किती फाकवून उभा राहतो, वजन टाचेवर टाकतो की चवड्यावर, हे त्यांना बघायचं असे. त्यावरून तळाची रुंदी मनात धरत.

भर दुपारी मामाजी तळाला हात लावत नसत. दुपारी खोबणी, खुंट्या, हत्यारांच्या दांड्या अशी वरकड कामं. तळ तासायचा तो सकाळी नाहीतर दिवस कलल्यावर. मी लहानपणी समजायचो, उन्हामुळे असेल. एकदा विचारलं तर म्हणाले, "आता लाकूड खोटं बोलते गा. सांजच्याले ये." संध्याकाळी गेलो. त्यांनी खोडाशेजारी मला उकिडवं बसवलं आणि लाकडाच्या लांबीवरून नजर टाकायला सांगितलं. ऊन तिरपं आलं होतं आणि दुपारी गुळगुळीत वाटलेल्या तळावर वाकसाचा प्रत्येक घाव आपापली सावली घेऊन उभा होता. एका कुशीला बोटभर लांब फुगवटा होता, तो हाताला लागत नव्हता पण सावलीत स्पष्ट दिसत होता. मामाजींनी तो तासला, पुन्हा वाकून बघितलं, पुन्हा एक पातळ ढलपी काढली. उजेड गेला तसं काम थांबलं. आजही मी कुठलीही फळी शेवटची तपासतो ती दाराच्या चौकटीत आडवी धरून, उजेड एका बाजूनं येईल अशी.

लाकडाचं म्हणाल तर त्यांच्या लेखी प्रत्येक झाडाचा स्वभाव वेगळा. सावर हलकी, वाळलेल्या सावरीचं लाकूड घनमीटरला साडेतीनशे-चारशे किलोच भरतं, म्हणजे दोघांनी उचलून पाळीवर आणता येईल असा डोंगा. पण हवेत आणि ओलीत आलटून पालटून राहिली की सावर लवकर सडते, म्हणून सावरीचा डोंगा कामाविना काठावर पडू द्यायचा नाही. मोह त्याच्या दुपटीहून जड, पण पिढीभर टिकणारा. मात्र फुलांचं, बियांच्या तेलाचं, दुष्काळात पोट भरणारं ते झाड. उभा मोह कुणी कापत नसे. वादळात पडलेला किंवा वठलेला मिळाला तरच. कहू, म्हणजे अर्जुन, नदीकाठी हवा तेवढा जाडजूड मिळतो, पण वाळताना फाटायची त्याची खोड जात नाही. सागवान डोक्यातून काढूनच टाकायचं, ते सरकारचं. झाड तोडण्याआधी मामाजी बुंध्याशी नारळ फोडत, हळद-कुंकू वाहत, आणि मग बराच वेळ नुसते बसून राहत. वारा झाडाला कुठं झुकवतो ते बघत असत.

पोखरायचं काम ओल्या लाकडातच करायचं. वाळलं की कुऱ्हाड उडते. आधी कुऱ्हाडीनं आडव्या खाचा पाडायच्या, मधले ठोकळे उडवायचे, मग आत बसून वाकसानं खरवडत न्यायचं. इथं खरी कसोटी जाडीची. तळ जाड, कुशी वर जाता जाता पातळ, आणि दोन्ही टोकांना लाकूड सगळ्यात जाड, कारण तिथं रेषा उघड्या पडतात आणि फाट तिथूनच सुरू होते. बाहेरून ठरावीक खोलीची बारीक भोकं पाडून ठेवायची. आतून खोदताना भोक उघडं पडलं की समजायचं, इथं थांबा. मग त्यात सुकी खुंटी ठोकायची, ती पाण्यानं फुगून आपोआप घट्ट बसते. मामाजी भोकं पाडत, पण त्यांचा भरवसा बोटांच्या पेरांवर. वाजवून ऐकत. जाड जागेचा आवाज मुका, पातळ जागेचा मोकळा. दोन्ही कुशींचा आवाज सारखा आला की ते वाकस खाली ठेवत. नंतर टोकांना शेणमातीचा लेप, वरून ओली पोती, आणि सावलीत कित्येक दिवस. उन्हाळ्यात काम नसलं की डोंगा पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे तडकत नाही आणि कीडही लागत नाही.

सर्फबोर्ड बनवणाऱ्यांशी माझी ओळख फार उशिरा झाली, तीही वाचून आणि चित्रफिती बघून. समुद्राच्या लाटेवर उभं राहून किनाऱ्याकडे घसरत येण्याची ती फळी. भाच्यानं मोबाईलवर हवाई बेटांवरचा एक कारागीर दाखवला. छताचा दिवा बंद, आणि दोन्ही भिंतींवर कमरेच्या उंचीला आडवे लांब दिवे. फळी मधोमध घोडीवर, आणि तो माणूस वाकून तिच्या लांबीवरून नजर टाकतोय. माझ्या अंगावर काटा आला. मामाजींचा संध्याकाळचा उजेड त्या माणसानं भिंतीला टांगला होता.

तेव्हापासून मिळेल ते वाचत आलो. जुने हवाईयन लोक फळी कोआच्या, उलूच्या किंवा विलीविलीच्या झाडाची करत. विलीविली त्यांची सावर समजा, अगदी हलकी. सरदारांच्या 15-16 फुटी लांब फळ्या तिच्या होत. थॉमस थ्रम यांच्या होनोलुलूत निघणाऱ्या वार्षिकीत 1896 साली छापलेल्या वर्णनात म्हटलं आहे की झाड पाडण्याआधी बुंध्याशी कुमू नावाचा तांबडा मासा ठेवत, आणि मुळाशी खणलेल्या खड्ड्यात तो मंत्र म्हणून पुरत. मग दगडी वाकसानं आकार, पोवळ्याच्या खरखरीत दगडानं घासणं, मुळांच्या आणि सालींच्या रंगानं काळी करणं, वर कुकुईच्या बियांचं तेल. तिथल्या होड्यांसाठी झाड निवडताना एलेपायो नावाच्या पाखरावर नजर ठेवत. पाखरू खोडावर बसून टोचायला लागलं की आत कीड आहे असं समजून ते झाड सोडून देत. होडी करणाऱ्यांची देवी पाखराच्या रूपानं येते असं मानत. मामाजी झाडाखाली बसून राहायचे तेव्हा त्यांची नजरही पुष्कळदा वर असायची.

माझं मन सगळ्यात जास्त अडकलं ते 1937 च्या सुमाराच्या एका गोष्टीत. होनोलुलूतले तीन तरुण, जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ. तेव्हाच्या रेडवुडच्या फळ्या मागून रुंद असत. लाट उंच, उभी असली की शेपूट घसरायचं आणि फळी आडवी जायची. एक दिवस असंच घसरून वैतागल्यावर केलीनं हीथच्या फळीवर कुऱ्हाड चालवली, मागचा भाग निमुळता केला, आणि पोटाला खालून गोलाई दिली. फळी लाटेला धरून राहिली. पुढं त्या घडणीला हॉट कर्ल नाव पडलं आणि मोठ्या लाटांवर जाण्याची वाट तिथून उघडली. कुऱ्हाड हातात असलेला माणूस आणि पाण्यात घसरलेला माणूस एकाच टोळीतले, एकाच किनाऱ्यावरचे. पाण्यानं दिलेलं उत्तर त्यांना अंगावर घेऊन घरी आणता आलं आणि लगेच लाकडात घालता आलं. कारागिरीचं मूळ मला इथं दिसतं. मामाजी करत होते ते हेच: आपण केलेला डोंगा रोज डोळ्यांसमोर पाण्यात बघायचे, आणि पुढच्या डोंग्यात त्याची दुरुस्ती करायचे.

मग सर्फबोर्ड बनवणाऱ्यांकडचं लाकूड हळूहळू गेलं. आधी बाल्सा आला, वर काचधाग्याचं कापड आणि राळेचा लेप. 1950 च्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेनचा फोम आला. साच्यातून निघालेला फोमचा ठोकळा आणायचा आणि रंधून, घासून फळी करायची. हवाईतल्या हालेइवाला डिक ब्रुअर, होनोलुलूत बेन आयपा अशी मोठी माणसं याच फोमवर घडली. 5 डिसेंबर 2005 ला कॅलिफोर्नियातल्या क्लार्क फोमनं अचानक कारखाना बंद केला, तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक कारागिरांचा कच्चा माल एका दिवसात थांबला. तरी काम थांबलं नाही. वर्षभरात दुसरे ठोकळे, दुसरी मिश्रणं आली. लाकूड गेलं, झाडाची पूजा गेली, पण ही लाट माझी, तिला साजेशी फळी कर, असं म्हणत कारागिराच्या दारात येणारा माणूस टिकला.

आमच्याकडे उलटं झालं. इथंही फोमच आला. आज भंडाऱ्याच्या तलावांवर डोंगे विरळ झालेत. मासेमारी करणारे ट्रकच्या ट्यूबवर बसतात, नाहीतर थर्माकोलचे तुकडे पोत्यात भरून, दोरीनं आवळून त्यावर पालथे पडून हातानं पाणी कापत जातात. मोठं खोड परवानगीशिवाय मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. थर्माकोल बाजारातून उचलून आणता येतं. मी त्या माणसांना नावं ठेवत नाही. पोट रोज भरायचं असतं. पण त्या पोत्यावर गारठ्यात पोटावर झोपून जाळी काढणाऱ्या पोरांचे हात-पाय पांढरेफटक पडलेले मी बघतो, पोतं फाटल्यावर तलावभर तरंगणारे दाणे बघतो, आणि जीव तुटतो. सर्फबोर्ड आणि हे पोतं, दोन्हीच्या पोटात जवळपास एकाच जातीची वस्तू. एकावर माणसाचं वजन, उंची, लाट बघून हात फिरलेला असतो. दुसऱ्याजवळ कारागीर आलाच नाही. लाकूड संपलं तेव्हा आपण समजलो की काम संपलं, आणि घडवणाऱ्याला बाजूला काढलं. मला वाटतं आपलं खरं नुकसान तिथं झालं.

म्हणून गेली काही वर्षं मी डोंगे करतो, पण फळ्यांचे. एका खोडाचा हट्ट सोडून दिला. बारीक लाकडाच्या पट्ट्या कडेला कडा जोडून, सांध्यात राळ आणि कापूस भरून. मामाजी आज असते तर आधी त्यांनी वाजवून बघितलं असतं, आणि आवाज फळीचा आहे, खोडाचा नाही म्हणून कपाळाला आठी घातली असती. तळ मात्र त्यांच्याच पद्धतीनं, संध्याकाळी.

तळ बदलावाही लागला. आमचे बरेच तलाव मालगुजारीच्या काळातले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि दर उन्हाळ्यात गावानं मिळून गाळ काढायची रीत हळूहळू सुटली. आता पाळ तीच, पण पाणी उथळ. शिवाय बेशरमीची झुडपं काठापासून आत आत सरकलेली. मामाजींच्या मापाचा गोल तळ अशा पाण्यात जागोजागी टेकतो. मी तळ चपटा आणि रुंद केला, म्हणजे वीतभर पाण्यातही तो सुटा राहतो. आणि नाक वर उचललं, म्हणजे झुडपावर चढून त्याला दाबत पुढं जातं. हे मला कागदावर सुचलं नाही. एका भावाच्या डोंग्यात बसून त्याच्याबरोबर सकाळभर हिंडलो, बांबू कुठं रुततो आणि कुठं नाही ते मोजत गेलो, तेव्हा कळलं.

यंदा एक डोंगा शिंगाडा काढणाऱ्या बायांसाठी करतोय. पूर्वी बाया पुरुषांच्या मापाचा डोंगा वापरत, हल्ली ट्यूबवरच जातात. त्यांच्यातल्या थोरल्या बाईंनी अर्धवट झालेला डोंगा तलावात घालून बघायला लावला आणि एका कुशीला बसून पाण्यात हात घातला. काठ काखेत रुतत होता. "दादा, हे उतरवून द्या. दिवसभर असंच वाकून राहावं लागते आमाले," म्हणाल्या. शिंगाड्याचा वेल उचलून, खालचं फळ चाचपून तोडायचं असतं. हात कोपरापर्यंत पाण्यात. काठ उतरवला तर भरल्या वजनानं पाणी आत येण्याची भीती, आणि तळ आणखी रुंद केला तर वेलांच्या दाटीतून डोंगा वळत नाही. सध्या एका बाजूचा काठ चार बोटं खाली आणि दुसऱ्या बाजूचा होता तसा, असं करून ठेवलंय. बाया सगळ्या एकाच बाजूला बसतात, म्हणून त्या कुशीखाली तळाला थोडी जास्त पोटाडी दिलीय. थोरल्या बाईंचं म्हणणं, नाकही अरुंद करा. मी म्हणतो, आधी भरलेल्या टोपल्या ठेवून बघू. पुढच्या आठवड्यात पुन्हा तलावात घालतो.